बोलपटांतील बखर आणि न्यायालयांतील दप्तर

१

जुन्या कागदपत्रांस वाहिलेल्या या पानांत गुंडांवरील बोलपटांची परीक्षा कशाला, असा प्रश्न वाचकांस पडल्यास त्यांत नवल नाहीं. आमचें उत्तर असें. बखर हें साधन कितपत विश्वसनीय, हा वाद आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षें चालला आहे. कै. राजवाडे यांनीं इ. स. १८९८ मध्यें 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून अस्सल पत्राचें स्थान बखरीच्या वरचें हें तत्त्व संशोधकांत रूढ झालें. परंतु बखर नेमकी कोठें वांकडी जाते, किती वांकडी जाते व कां जाते, हें मोजून पाहण्याची संधि आपणांस क्वचितच मिळते. कारण उघड आहे. बहुधा बखर उरलेली असते आणि तिच्या मागचे कागद वाळवीनें, आगीनें किंवा वारसांच्या अनास्थेनें गेलेले असतात.

विसाव्या शतकांतील अमेरिकेच्या गुंडटोळ्यांची गोष्ट निराळी आहे. तेथें दोन्ही अंगें शाबूत आहेत. एका बाजूस न्यायालयांतील जबान्या, आरोपपत्रें, हिशेबाच्या वह्या व पोलिसांचीं तपासटिपणें. दुसऱ्या बाजूस त्याच माणसांवर रचलेले बोलपट. हे बोलपट देशोदेशींच्या लोकांनीं पाहिले, आणि शिकागो व न्यूयॉर्क येथील त्या काळाचें जें चित्र आज लोकांच्या मनांत आहे तें बव्हंशीं त्यांनींच रंगविलेलें आहे. म्हणजे बोलपट ही आजच्या काळाची बखर झाली. ती आणि तिचें दप्तर शेजारीं शेजारीं ठेवून ताडून पाहतां येतें, हा लाभ इतिहासाच्या अभ्यासकानें सोडूं नये.

प्रस्तुत लेखांत आम्ही मुख्यतः तीन बोलपट घेतले आहेत: 'दि अनटचेबल्स' (१९८७), 'गुडफेलाज' (१९९०) आणि 'दि आयरिशमन' (२०१९). तारीख चुकली, नांव बदललें, दोन माणसांचें एक पात्र केलें, एवढ्यावरून बोलपटास दोष देण्याची रीत पडली आहे. आमच्या मतें त्या बाबी गौण होत. कथा मूळ कोणाच्या तोंडची, आणि त्या सांगणाऱ्याची उलटतपासणी कोणी केली होती काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचें उत्तर ज्या मानानें बदलतें, त्या मानानें या तीन बोलपटांची ऐतिहासिक किंमतही बदलते.

२

प्रथम शिकागोचें प्रकरण घेऊं. अमेरिकेंत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदीचा कायदा अमलांत होता. त्या काळांत चोरटी दारू व जुगार यांवर अल् कपोन याची टोळी शिकागो शहरांत व शेजारच्या सिसरो गांवांत प्रबळ झाली. त्याच्या नांवावर अनेक खून बोलले जात. परंतु ते न्यायालयांत सिद्ध करण्याजोगा पुरावा पुढें येईना. शेवटीं सरकारनें त्यास पकडलें तें प्राप्तीवरील कर बुडविल्याबद्दल. बेकायदा धंद्यांतील मिळकतही करास पात्र आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें सलिव्हन नांवाच्या एका दारूविक्याच्या खटल्यांत १९२७ सालीं दिला होता. कपोनवरील खटल्याचा पाया तो.

या खटल्याचा कणा म्हणजे कांहीं हिशेबाच्या वह्या. १९२६ च्या एप्रिलमध्यें मॅक्स्विगिन नांवाच्या दुय्यम सरकारी वकिलाचा खून झाला. त्यानंतर सिसरो येथील जुगाराच्या अड्ड्यांवर छापे पडले, आणि त्यांत सांपडलेल्या वह्या सरकारी जागेंत तशाच पडून राहिल्या. पुढें कर-खात्याचा तपासनीस फ्रँक विल्सन याच्या हातीं त्या आल्या. वह्यांत नफा होता, नफ्याच्या वांटण्या होत्या. लिहिणाराचें नांव मात्र नव्हतें. यापुढचें काम आमच्या वाचकांस घरच्यासारखें वाटेल. वहींतील अक्षर कोणाचें, याचा शोध सुरू झाला. दुसऱ्या कागदांवरील हस्ताक्षरांशीं वळण ताडून पाहतां तें लेस्ली शम्वे या हिशेबनिसाचें ठरलें. १९३१ च्या आरंभीं हा शम्वे फ्लोरिडा प्रांतांत मायामी येथें सांपडला व त्यानें साक्ष देण्याचें कबूल केलें. रोकड संभाळणारा फ्रेड रीस यानेंही साक्ष दिली. १९२५ सालच्या एका छाप्याच्या वेळीं हजर असलेले हेन्री हूवर नांवाचे पाद्री यांनीं, अड्डा आपला असल्याचें कपोन आपल्यासमक्ष बोलला, असें शपथेवर सांगितलें. आणि सर्वांत मौजेचा कागद कपोनच्याच पक्षाचा होता. त्याचा वकील मॅटिंग्ली यानें तडजोडीच्या आशेनें १९३० सालीं कर-खात्यास एक पत्र लिहिलें होतें. त्यांत अशिलास मिळकत असल्याची कबुली होती. तेंच पत्र न्यायालयांत त्याच्यावर उलटलें. १७ ऑक्टोबर १९३१ रोजीं ज्यूरीनें कपोन यास पांच कलमांवर दोषी ठरविलें, आणि २४ ऑक्टोबर रोजीं न्यायाधीश विल्करसन यांनीं ११ वर्षें कैद व ५०,००० डॉलर दंड अशी शिक्षा सांगितली.

आतां बोलपट पाहूं. ब्रायन डी पाल्मा यांनीं काढलेल्या या बोलपटाचा नायक एलियट नेस. हा दारूबंदीच्या अंमलबजावणीवरील अधिकारी. कराच्या खटल्याशीं त्याचा संबंध थोडा. त्याच्या पथकानें दारूच्या भट्ट्या फोडल्या, कपोनचें उत्पन्न घटविलें, हें खरें. त्या कामावरून जून १९३१ मध्यें दारूबंदी मोडण्याच्या सुमारें ५,००० कृत्यांचें आरोपपत्रही निघालें; परंतु तें सुनावणीस आलेंच नाहीं. बोलपटांत मात्र कपोनचा पाडाव नेसच्या हातून व बंदुकीच्या बळावर होतो. हिशेबनीस सांपडतो तो रेल्वे-स्थानकाच्या जिन्यावर, गोळीबाराच्या धुरांत. विल्सनच्या जागीं योजलेला हिशेब जाणणारा साथीदार गुंडांकडून मारला जातो. खरा विल्सन पुढें 'सीक्रेट सर्व्हिस' या खात्याचा प्रमुख झाला आणि १९७० सालीं वारला. फ्रँक निटी या टोळीवाल्यास नेस न्यायालयाच्या गच्चीवरून खालीं लोटून देतो. खरा निटी त्या वेळीं स्वतःच कर बुडविल्याबद्दल १८ महिन्यांची कैद भोगीत होता, आणि त्यानें आत्महत्या केली ती १९ मार्च १९४३ रोजीं. ज्यूरीची अदलाबदल झाली हें खरें. परंतु ती खटल्याच्या अगदीं आरंभीं झाली, बोलपटांत ती ऐन शेवटास आणली आहे.

ही कथा आली कोठून, याची परंपरा लावून पाहिली म्हणजे उलगडा होतो. नेसनें उतारवयांत ऑस्कर फ्रेली या क्रीडा-वार्ताहरास आपल्या आठवणी दिल्या. फ्रेलीनें त्यांवरून पुस्तक रचलें. तें १९५७ सालीं निघालें, आणि त्याआधींच, त्या वर्षीं १६ मे रोजीं, नेस वारला होता. पुस्तकावरून १९५९ ते १९६३ पर्यंत दूरचित्रवाणीवर मालिका चालली, आणि तिच्या पाठीमागून बोलपट आला. म्हणजे नायकाची आठवण, लेखकाची सजावट, मालिकेचा विस्तार आणि बोलपटाची रचना, अशा चार हातांतून हकीकत गेली, आणि वाटेंत एकदांही ती न्यायालयांतील दप्तराशीं ताडली गेली नाहीं. जिन्यावरील प्रसंग तर शिकागोचा नव्हेच. जिन्यावरून घरंगळत जाणारी तान्ह्या मुलाची गाडी ही आयझेन्स्टाइन या रशियन दिग्दर्शकाच्या १९२५ सालच्या 'बॅटलशिप पोटेम्किन' या मूकपटांतून उचललेली आहे. भाऊसाहेबांच्या बखरींत पानिपताचें वर्णन करतांना बखरकार वारंवार भारती युद्धाकडे वळतो, हें वाचकांस ठाऊकच आहे. हकीकत अपुरी पडली म्हणजे थोर पूर्वग्रंथाचा आधार घ्यावयाचा, ही खोड जुनीच.

निःपक्षपातासाठीं हेंही सांगितलें पाहिजे कीं, विल्सननेंही आठवणी लिहिल्या आहेत, आणि वह्या आपणांस अकस्मात् कशा सांपडल्या ही गोष्ट त्याच्याच तोंडची आहे. तिलाही तीच कसोटी लावावी. परंतु विल्सनची गोष्ट उद्यां कोणी सर्वस्वीं खोटी ठरविली, तरी वही राहते, वहींतील अक्षर राहतें आणि ज्यानें तें लिहिलें त्याची शपथेवरील जबानी राहते. नेसच्या कथेंतून नेस वजा केला तर कांहींच उरत नाहीं. बखर व कागद यांतील भेद याहून स्पष्ट दाखवितां येणार नाहीं.

हा भेद केवळ विद्वानांच्या करमणुकीचा नव्हे. दुष्टास शासन करावयाचें तर कायद्याच्या रक्षकानेंही कायदा गुंडाळून ठेविला पाहिजे, ही बोलपटाची शिकवण आहे. गच्चीवरील खून प्रेक्षकास न्याय्य वाटतो, आणि तो तसा वाटावा अशीच त्याची मांडणी आहे. दप्तर याच्या नेमकें उलट सांगतें. तेथें कपोन हरला तो हिशेब तपासणाऱ्या कारकुनांकडून, कायद्याच्या चौकटींत आणि पुष्कळ महिन्यांच्या कंटाळवाण्या मेहनतीनें. कोणत्या राष्ट्रानें कोणती गोष्ट खरी मानावी, यावर त्याच्या न्यायसंस्थेची पत अवलंबून असते.

३

बखरीविषयीं दुसरा प्रश्न विचारावयाचा तो आश्रयदात्याचा. सभासदानें आपली बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली, हें ध्यानांत ठेवूनच आपण ती वाचतों. बोलपटासही आश्रयदाते असतात, व कधीं कधीं ते वर्ण्य विषयांतूनच येतात. मारिओ पुझो यांच्या कादंबरीवरून 'दि गॉडफादर' हा बोलपट १९७२ सालीं निघाला. त्याच्या तयारीच्या वेळीं, १९७१ मध्यें, इटालियन वंशाच्या लोकांची कैवारी म्हणविणारी एक संस्था आडवी आली. तिचा पुढारी जोसेफ कोलंबो हा स्वतःच न्यूयॉर्कच्या एका टोळीघराण्याचा मुख्य होता. निर्मात्यानें तिच्याशीं समेट केला, आणि संहितेंतून 'माफिया' हा शब्दच काढून टाकला. ज्यांच्यावर बखर लिहावयाची त्यांनींच शब्द ठरवून दिला, असा हा प्रकार. त्याच वर्षीं २८ जून रोजीं भर सभेंत कोलंबोवर गोळ्या झाडल्या गेल्या व १९७८ सालीं तो मेला.

सरकारी आश्रयाचें किंवा धाकाचें उदाहरण त्याहून जुनें आहे. 'स्कारफेस' हा १९३२ सालचा बोलपट कपोन डोळ्यांपुढें ठेवून रचलेला. परिनिरीक्षकांचें समाधान करण्यासाठीं त्याचा शेवट दोन तऱ्हांनीं घेतला गेला. एका पाठांत नायक पोलिसांच्या गोळ्यांनीं मरतो, दुसऱ्यांत त्याची चौकशी होऊन त्यास फांशीं दिलें जातें. खरा कपोन त्या सालीं जिवंत असून तुरुंगांत होता, आणि मेला तो १९४७ सालीं सुटकेनंतर आपल्या घरीं, आजारानें. दोन्ही पाठ हकीकतीशीं जुळत नाहींत; ते कोणत्या दडपणानें निर्माण झाले याचा मात्र ते उत्तम पुरावा आहेत. पोथ्यांचे पाठभेद जुळविणाऱ्या आमच्या मित्रांस ही दृष्टि नवी नाहीं.

४

'गुडफेलाज' हें उदाहरण पुष्कळच भरंवशाचें आहे. हेन्री हिल हा न्यूयॉर्क येथील पॉल व्हारिओ याच्या टोळींत वाढलेला इसम. १९८० च्या एप्रिलमध्यें तो मादक द्रव्यांच्या व्यापारांत पकडला गेला, आणि आपलेच साथीदार आपणांस जिवंत ठेवणार नाहींत या भयानें माफीचा साक्षीदार झाला. त्याची हकीकत निकोलस पिलेगी या वार्ताहरानें 'वाइजगाय' या नांवानें १९८५ सालीं छापली, व तीवरून मार्टिन स्कॉर्सेसी यांनीं बोलपट केला. संहिता रचण्यास पिलेगीही होते. हिलचें नांव तसेंच ठेविलें. व्हारिओचा सिसरो, जिमी बर्कचा कॉनवे व टॉमी डिसिमोनचा डिव्हिटो झाला.

माफीचा साक्षीदार हा स्वार्थी साक्षीदार. आपली सुटका हेंच त्याचें वेतन. परंतु हिलची साक्ष भर न्यायालयांत उलटतपासणींतून गेली आहे, हें त्याच्या बाजूस मोठें प्रमाण. बॉस्टन कॉलेजच्या खेळाडूंस पैसे चारून १९७८-७९ च्या मोसमांतील बास्केटबॉलच्या सामन्यांतील गुणांचा फरक ठरवून घेतल्याबद्दल बर्क यास शिक्षा झाली, ती हिलच्या साक्षीवरून. हिलला तुरुंगांतून लवकर सोडविण्यासाठीं खोटी नोकरी दाखविल्याबद्दल १९८४ सालीं व्हारिओ दोषी ठरला, तेथेंही हिलच साक्षीदार. व्हारिओ १९८८ सालीं बंदिवासांत मेला, व बर्क पुढें एका खुनाबद्दलही दोषी ठरून १९९६ सालीं बंदिवासांतच मेला. आतां चमत्कार पाहा. सामन्यांचें हें प्रकरण न्यायालयाच्या निकालानें पक्कें झालेलें, आणि नेमकें तेंच बोलपटांतून बव्हंशीं गळालें आहे. रक्त नाहीं, बंदूक नाहीं, तेव्हां बखरकारास त्याचा उपयोग नाहीं.

११ डिसेंबर १९७८ रोजीं न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरून लुफ्तान्सा कंपनीचे सुमारें ५० लक्ष डॉलर रोख व त्याशिवाय जडजवाहीर लुटलें गेलें. बोलपटाचा मध्य हाच. येथें दिग्दर्शकाची वाखाणणी केली पाहिजे. हिल या लुटींत जातीनें नव्हता. म्हणून लूट पडद्यावर दाखविलेलीच नाहीं. हिल ती बातमी न्हाणींत असतां रेडिओवर ऐकतो, आणि प्रेक्षकही तेवढेंच ऐकतो. साक्षीदारानें जें पाहिलें नाहीं तें आपणही दाखवूं नये, हा नियम कित्येक इतिहासलेखकांसही पाळतां येत नाहीं.

परंतु हा नियम शेवटपर्यंत टिकला नाहीं. डिसिमोन १९७९ च्या जानेवारींत नाहींसा झाला. त्याचें प्रेत मिळालें नाहीं, व त्याच्या खुनाबद्दल कोणी दोषी ठरला नाहीं. बोलपटांत मात्र तो रिकाम्या खोलींत पाऊल टाकतो व मागून गोळी बसते, हें आपण डोळ्यांनीं पाहतों. हिल तेथें नव्हता. ऐकीव वार्ता व डोळ्यांदेखतचा प्रसंग हे दोन्ही एकाच प्रकाशांत, एकाच स्पष्टपणानें दिसतात, आणि प्रेक्षकास त्यांतील भेद ओळखण्याची कांहीं खूण राहत नाहीं. लेखी बखरींत 'म्हणतात कीं' असें दोन शब्द तरी लिहितां येतात. चित्रास तशी सोय नाहीं.

या लुटीबद्दल विमानकंपनीचा एक नोकर १९७९ सालीं दोषी ठरला होता. पुढें कित्येक वर्षांनीं व्हिन्सेंट असारो यावर तींत भाग घेतल्याचा खटला झाला. मुख्य साक्ष त्याच्याच चुलत नात्यांतील, सरकारास मिळालेल्या माणसाची. नोव्हेंबर २०१५ मध्यें ज्यूरीनें असारोस निर्दोष ठरविलें. म्हणजे एका माफीच्या साक्षीदारावर ज्यूरींनीं विश्वास ठेविला, तशाच दुसऱ्याचें म्हणणें मानलें नाहीं. साक्षीदाराच्या जातीवरून निकाल करतां येत नाहीं. प्रत्येक साक्ष निरनिराळी तपासावी लागते.

५

तिसरें उदाहरण सर्वांत सुंदर आणि म्हणूनच सर्वांत घातक. मालवाहू गाड्या हांकणाऱ्या कामगारांच्या प्रबळ संघाचा माजी अध्यक्ष जिमी हॉफा हा ३० जुलै १९७५ रोजीं डेट्रॉइट शहराजवळच्या एका उपहारगृहाबाहेरून नाहींसा झाला. प्रेत मिळालें नाहीं, या प्रकरणीं कोणावर खटलाही झाला नाहीं, आणि १९८२ सालीं कायद्यानें त्यास मृत मानलें गेलें. फ्रँक शिरन हा त्याच संघाचा एक पदाधिकारी व गुंडांचा सोबती. म्हातारपणीं त्यानें चार्ल्स ब्रँट या वकिलास सांगितलें कीं, हॉफास आपणच डेट्रॉइटमधील एका घरांत गोळी घातली. डिसेंबर २००३ मध्यें शिरन वारला. पुस्तक २००४ सालीं आलें. आणि २०१९ सालीं स्कॉर्सेसी यांनीं त्यावर बोलपट केला.

शिरनचें नांव तपासकर्त्यांच्या १९७६ सालच्या टिपणांत संशयितांमध्यें आहे, हें नाकारतां येत नाहीं. परंतु संशयितांच्या यादींत नांव असणें व बंदूक त्याच्याच हातांत असणें यांत फार अंतर आहे. त्यानें दाखविलेल्या घराच्या फळ्या २००४ सालीं उखडून तपासल्या. त्यांवर रक्त सांपडलें, पण तें हॉफाचें नाहीं असा निर्वाळा २००५ सालीं मिळाला. शिरन एवढ्यावरच थांबला नाहीं. ७ एप्रिल १९७२ रोजीं न्यूयॉर्कच्या एका खानावळींत जोई गॅलो या टोळीवाल्याचा खून झाला, तोही आपणच एकट्यानें केला असें तो म्हणे. पण त्याच सालीं लुपरेली नांवाच्या इसमानें पोलिसांस या खुनाची सविस्तर हकीकत देऊन मारेकरी नांवनिशीवार सांगितले होते. त्यांत शिरन नाहीं. ज्या साक्षीदाराची एक कबुली समकालीन पुराव्याशीं विसंगत ठरते, त्याची दुसरी कबुली केवळ त्याच्या शब्दावर घेतां येईल काय?

पानिपतावर १७६१ सालीं सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या देहाविषयीं लोकांच्या मनांत संशय राहिला. त्या संशयाच्या पोटीं तोतया जन्मास आला, व १७७६ सालीं त्यास देहान्त शासन होईपर्यंत राज्यांत केवढी खळबळ माजली हें सर्वश्रुत आहे. जेथें प्रेत सांपडत नाहीं तेथें तोतया उभा राहतो, हा इतिहासाचा नेम दिसतो. फरक इतकाच कीं, पुण्यास आलेला तोतया मृताचें नांव घेऊन आला, आणि हा मारेकऱ्याचें नांव घेऊन आला. पुण्यांत पंचांनीं बसून चौकशी केली. शिरनची चौकशी होण्याचा संभवच नव्हता. तो मरून गेल्यावर त्याचें पुस्तक निघालें.

आणि बोलपटाची हातचलाखी पाहा. एखादा गुंड पडद्यावर प्रथम येतो तेव्हां त्याचें नांव, मृत्यूचें साल व मृत्यूचा प्रकार अक्षरांत उमटतो. ही शकावलीच झाली. लहान नोंदी अशा रेखीव दिल्या म्हणजे प्रेक्षक मोठी गोष्टही त्याच विश्वासानें गिळतो. बनावट सनदा पाहिलेल्या वाचकांस हा प्रकार परिचित आहे. शिक्का बरोबर, मायना बरोबर, साक्षीदारांचीं नांवें बरोबर. खोटी असते ती मधली एक ओळ, आणि वतन त्या ओळीवरच चालतें.

यांत एका जिवंत माणसाचा प्रश्न गुंतला होता. हॉफाच्या घरांत मुलासारखा वाढलेला चकी ओब्रायन हा त्या दिवशीं हॉफास गाडींतून घेऊन गेला, असा संशय त्यावर चाळीसांहून अधिक वर्षें राहिला. त्यावर कधींही आरोप ठेवला गेला नाहीं. बोलपटांत गाडी हांकणारा तोच आहे. कट त्यास ठाऊक नव्हता असें दाखविलें आहे, तरी गाडीवर तोच. त्याच २०१९ सालीं त्याचा सावत्र मुलगा, कायद्याचा प्राध्यापक जॅक गोल्डस्मिथ, यानें पुस्तक लिहून हा संशय निराधार असल्याचें साधार मांडलें. ओब्रायन फेब्रुवारी २०२० मध्यें वारला. पुस्तक किती थोड्यांनीं वाचलें असेल व बोलपट किती जणांनीं पाहिला असेल, याचा अंदाज वाचकांनींच करावा.

६

कलावंतास स्वातंत्र्य नको काय, असा आक्षेप येथें येईल. नाटककारानें इतिहासाशीं खेळूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु सत्यकथेवर आधारलेला आहे अशी पाटी जो बोलपट आरंभींच लावतो, त्यानें साधनाचा हक्क सांगितला. आणि जो साधनाचा हक्क सांगतो त्यास साधनाची परीक्षा चुकवितां येत नाहीं.

दुसऱ्या बाजूस, बोलपट टाकाऊ असेंही आम्हांस वाटत नाहीं. बखरींतील तारखा चुकल्या तरी तिची भाषा, तिचे मानमरातब व जेवणावळी खऱ्या असतात. 'गुडफेलाज' मधील घरें, लग्नें, स्वयंपाक, पत्नीच्या तोंडून येणारा संसाराचा वृत्तांत, हीं त्या समाजाचीं मोलाचीं चित्रें आहेत. हिलला सरकारी संरक्षणाखालीं घेणारा वकील एडवर्ड मॅक्डॉनल्ड यानें तर त्या बोलपटांत आपलीच भूमिका केली आहे. असा योग बखरींत येत नाहीं. तरीही तो प्रसंग म्हणजे दहा वर्षांनंतरची आठवण, त्या दिवसाचें टिपण नव्हे, हें विसरूं नये.

या तुलनेंतून आम्हांस तीन गोष्टी निष्पन्न झालेल्या दिसतात. एक, बखर कागद टाकते व शस्त्र घालते. म्हणून जेथें बखरींत पराक्रम फार, तेथें हिशेबाची वही कोठें गेली याची चौकशी करावी. दोन, लहान तपशिलांचा खरेपणा हा मोठ्या विधानाचा पुरावा नव्हे. तीन, एकाच साक्षीदाराची कथा कितीही हातांनीं नटविली तरी साक्षीदार एकच राहतो. पहिल्या बोलपटाचा साक्षीदार दप्तरानें खोडला, दुसऱ्याचा बव्हंशीं टिकला, तिसऱ्याचा कधीं तपासलाच गेला नाहीं. पडद्यावर मात्र तिघेही सारख्याच खरेपणानें बोलतात.

आतां घरचा विचार. मुंबईच्या टोळ्यांवरही बोलपट निघाले आहेत व निघत आहेत. त्यांची अशी परीक्षा उद्यां कोणास करावयाची झाली, तर त्यास दप्तर मिळेल काय? शिकागोच्या वह्या राहिल्या म्हणून नेसची कथा तपासतां आली. आपल्याकडे ठराविक मुदतीनंतर न्यायालयांतील निरुपयोगी ठरलेले कागद नष्ट करण्यास १९१७ च्या कायद्याची मुभा आहे. निरुपयोगी काय, हें ज्या काळीं ठरतें त्या काळास पुढच्या काळाची गरज कळत नाहीं. पेशवाईंतील रुमाल जपणाऱ्या संग्राहकांनीं आपल्याच शतकांतील जबान्या, पंचनामे व निकालांच्या नकला यांकडेही नजर वळवावी, अशी आमची त्यांस विनंति आहे. हें काम रुचकर नाहीं. गुंडांचे कागद जपण्यांत कांहीं कीर्तिही नाहीं. परंतु ते गेले म्हणजे शंभर वर्षांनीं आपल्या नातवांच्या हातीं एक बखरच उरेल, आणि ती तपासण्यास त्यांच्यापाशीं कांहींच असणार नाहीं.